उणे तेरा पॉइंट अठ्ठ्याऐंशी

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मी मानसशास्त्र स्पेशल घेतलं, तेव्हा घरात कुणालाच ते काय असतं हे माहीत नव्हतं. वडिलांचं अक्कलकोटजवळच्या एका गावात किराणा-भुसाराचं दुकान होतं. त्यांनी विचारलं, "त्यात शिकवतात काय?"

"मन," मी म्हणाले.

त्यांनी आईकडं बघून कानडीत काहीतरी म्हटलं आणि दोघंही हसली. पण नको म्हणाले नाहीत. मला मात्र कारण होतं. आमच्या घरात एक आत्या होती. ती दिवसभर माजघराच्या दाराआड बसून असायची, कुणाशी बोलायची नाही, आणि पाहुणे आले की आई ते दार ओढून घ्यायची. मी तेरा वर्षांची असताना ती गेली. तिला काय झालं होतं, हे मला कुणी सांगितलं नाही. मानसशास्त्र घेतलं की कधीतरी कळेल, असं मला वाटायचं.

ही चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरची गोष्ट. मी सोलापुरात मामांकडं राहत होते, सात रस्ता चौकापासून दहा मिनिटं चालत. मामा एका मिलच्या टाइम ऑफिसात कारकून होते. स्पेशलला आम्ही अकरा जण, त्यात मुली चार. सहा पेपर होते. त्यातले पाच वाचून, पाठ करून लिहिता येतील असे. सहावा संख्याशास्त्राचा. तो विद्यापीठानं नुकताच आणला होता आणि आधीच्या वर्षी जे तरुण सर तो शिकवत, ते पुण्याला निघून गेले होते.

माझं गणित आठवीतच सुटलं होतं. तेव्हा मुलींना बीजगणित-भूमिती सोडून गृहशास्त्र घेता यायचं, आणि आमच्या शाळेत तर बहुतेक सगळ्याच घ्यायच्या. मी भरतकाम शिकले, लोणच्याचं प्रमाण शिकले. क्ष म्हणजे काय, हे मला कॉलेजच्या तिसऱ्या वर्षीही नीट सांगता आलं नसतं.

पेपर शिकवायला जे सर आले, ते पन्नाशीचे होते. किरकोळ अंगाचे, पांढरा शर्ट, वरचं बटणही लावलेलं. पहिल्या दिवसापासून ते आमच्याकडं पाठ फिरवूनच शिकवत. फळ्यावर भराभर लिहायचे, लिहून झालं की लगेच पुसायचे. कुणी हात वर केला तर "शेवटी विचारा" म्हणायचे आणि शेवटी घंटा व्हायची. मध्यमान झालं, मध्यांक झाला. ते कसंबसं माझ्या डोक्यात शिरलं. मग प्रमाण विचलन आलं.

एखाद्या वर्गातल्या मुलांचे गुण सरासरीच्या आसपास गोळा झालेत की दूर दूर पांगलेत, हे सांगणारा आकडा म्हणजे प्रमाण विचलन. एवढं मला आज एका वाक्यात सांगता येतं. तेव्हा सरांनी फळ्यावर एक लांबलचक सूत्र लिहिलं, पन्नास मुलांच्या बुद्धिमापन चाचणीचे गुण लिहिले, रकाने पाडले, बेरजा केल्या आणि खाली थेट उत्तर लिहिलं: नऊ पॉइंट सत्तर. मधली पायरी लिहिलीच नाही. "आकडेमोड तुम्ही घरी करा," म्हणाले आणि फळा पुसला.

मी घरी केली. उत्तर आलं उणे तेरा पॉइंट अठ्ठ्याऐंशी, आणि सूत्र सांगत होतं की आता याचं वर्गमूळ काढा.

उणे संख्येचं वर्गमूळ निघत नाही, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मला वाटलं, ते मला येत नाही. मामांना विचारलं, "उण्याचं वर्गमूळ कसं काढतात हो मामा?" मामा पान लावत होते. म्हणाले, "उण्याचं काही काढत नसतात बाळ, उणं भरून काढतात." मामी हसल्या. मला रडू आलं.

मग मी ते उण्याचं चिन्ह सोडून दिलं आणि नुसत्या तेरा पॉइंट अठ्ठ्याऐंशीचं मूळ काढून पाहिलं. पुढं गुणाकार करून अठरा पॉइंट त्रेसष्ट आलं. नऊ पॉइंट सत्तर नाही. पुन्हा पहिल्यापासून बेरजा केल्या. पुन्हा उणे तेरा पॉइंट अठ्ठ्याऐंशी. दुसऱ्या दिवशी सर वर्गाबाहेर पडताना मी त्यांना गाठलं.

"सर, शेवटच्या पायरीला उणे येतंय."

त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. "बेरजेत चूक असेल. पुन्हा करा."

आठ दिवसांनी मी परत विचारलं. या वेळी ते थांबलेसुद्धा नाहीत. "तुमचं गणित कच्चं आहे. लक्ष लावून करा," एवढं चालता चालता म्हणाले. ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

ते गणित मी त्या पंधरवड्यात किती वेळा केलं, देव जाणे. एक शंभरपानी वही संपली, दुसरी अर्धी झाली. सकाळी मिलचा भोंगा झाला की उठायचं आणि वही उघडायची. बेरजा बरोबर, भागाकार बरोबर, प्रत्येक पायरी दोनदा तपासलेली, आणि तरी शेवटी तेच. आकडे चुकत नाहीत म्हणजे मीच चुकते आहे, माझ्या डोक्यातच काहीतरी नाही, जे बाकीच्या जगाला आहे. एकदा तर आत्याची आठवण आली आणि मी घाबरले. तीही अशीच काहीतरी एकच गोष्ट मनात फिरवत दाराआड बसत असेल का? मी वही मिटली आणि थोड्या वेळानं पुन्हा उघडली.

मामी दारात येऊन म्हणायच्या, "ऊटा माडव्वा, जेव गं बाई. आकडे पळून जात नाहीत." मी ताटावर बसायचे आणि भाकरीचा तुकडा हातातच राहायचा.

शेवटी एका रविवारी दुपारी मी सरांच्या घरी गेले. न कळवता. त्या काळी एकट्या मुलीनं सरांच्या घरी जाणं काही साधं नव्हतं, पण माझी लाज संपली होती. दार सरांच्या पत्नीनं उघडलं. बाहेरच्या खोलीत सर चटईवर बसले होते, बनियनवर. मला पाहून गडबडीनं उठून आत गेले, शर्ट घालून आले. तेवढ्यात मी चटईवर पाहिलं. एक जाड इंग्रजी पुस्तक उघडं होतं आणि त्याच्या भोवती कागद पसरले होते. पाठकोरे, परीक्षेच्या जुन्या उत्तरपत्रिकांचे. प्रत्येकावर तेच रकाने, तेच पन्नास जणांचे गुण. आणि जवळच्या कागदावर लाल पेन्सिलीनं गोल केलेलं: उणे तेरा पॉइंट अठ्ठ्याऐंशी.

"सर," मी म्हणाले, "हे तर माझं उत्तर आहे."

सर कागद गोळा करायला वाकले आणि तसेच खाली बसले. पत्नीला म्हणाले, "हिला पाणी दे."

"मी तत्त्वज्ञानाचा माणूस," मग म्हणाले. "मला तर्कशास्त्र शिकवायला घेतलं होतं. वीस वर्षं तेच शिकवलं. आधीचे सर गेले तेव्हा प्राचार्य म्हणाले, मानसशास्त्र म्हणजे तुमच्या शेजारचंच घर, सांभाळा. नाही म्हणता आलं नाही." आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "मला हे येत नाही गं. उत्तर पुस्तकातलं उतरवून दिलं मी. ते कसं येतं, मला माहीत नाही."

आजवर ते मला "तुम्ही" म्हणत आले होते.

मला राग यायला हवा होता. पंधरा दिवस मी स्वतःला मूर्ख समजत होते. पण राग आला नाही. मी चटईच्या कडेला बसले. "सर, पुस्तकात बघू या की," म्हणाले.

ते इंग्रजी वाचत होते, मी आकडे मांडत होते. पुस्तकातलं सूत्र मी अक्षर न् अक्षर बोट ठेवून पाहू लागले, कारण इंग्रजी मला समजत नव्हतं, खुणाच तेवढ्या दिसत होत्या. तेव्हा दिसलं. "सर, हा वर्गाचा बारका दोन कंसाच्या बाहेर आहे. आपल्या वहीत आतल्या बेरजेवर आहे." म्हणजे रकान्याची बेरीज जी तीस आली होती, तिला मुलांच्या संख्येनं, पन्नासनं, आधी भागायचं आणि मग त्याचा वर्ग करायचा. आम्ही आधी तीसचा वर्ग करत होतो आणि मग भागत होतो. अठराच्या जागी पॉइंट छत्तीस आलं. सूत्राच्या पहिल्या भागाचं उत्तर चार पॉइंट बारा, त्यातून ते वजा केलं, तीन पॉइंट शहात्तर. मूळ काढलं, गुणांचे गट पाच-पाचाचे होते म्हणून पाचानं गुणलं. नऊ पॉइंट सत्तर.

सर इतक्या मोठ्यानं हसले, की त्यांच्या पत्नी आतून धावत आल्या.

निघताना ते दारापर्यंत आले. "वर्गात मी दुरुस्त करून सांगतो. पण हे घरातलं... तू कुठं बोलू नकोस." मी म्हटलं, "नाही बोलणार सर." मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

पण वर्गात त्यांनी दुरुस्त केलं नाही. म्हणजे, पुढच्या तासाला नवं सूत्र लिहिलं, पण आधीचं चुकीचं होतं हे शब्द त्यांच्या तोंडून निघेनात. निम्म्या मुलांनी नवं उतरवून घेतलं, निम्म्यांना वाटलं तेच पुन्हा लिहिलंय. मी मान खाली घालून बसले होते.

त्यानंतर मी दर रविवारी दुपारी त्यांच्या घरी जाऊ लागले. सहसंबंध आम्ही मिळून शिकलो, दोन रविवारांत. ते दिवस त्यातल्या त्यात बरे होते. त्यांच्या पत्नी मला शेंगाची चटणी बांधून द्यायच्या. मग प्रसामान्य वक्र आला, तो घंटेच्या आकाराचा, आणि पुस्तकाच्या शेवटी दिलेलं त्याचं कोष्टक. त्या कोष्टकात काय बघायचं हेच आम्हाला उमगेना. सर तोच परिच्छेद चार-चार वेळा वाचायचे. आवाज बारीक होत जायचा. "हे बहुधा परीक्षेला येणार नाही," एकदा म्हणाले. मी हो म्हणाले. दोघांनाही माहीत होतं की ते येणार.

जानेवारीत वर्गात माझ्या शेजारी बसणारी माझी मैत्रीण कॉलेजात यायची बंद झाली. ती विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी. त्यांच्या अख्ख्या भावकीत कॉलेजात पोचलेली ती पहिली मुलगी होती. चार दिवस वाट पाहून मी तिच्या घरी गेले. मागाच्या आवाजात दारातून हाक मारली तर कुणाला ऐकू जाईना. ती आतल्या खोलीत चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होती. मला बघून हात थांबवला नाही.

"मी सोडलं कॉलेज," ती म्हणाली.

"का?"

"डोकं बाद आहे माझं. ते प्रमाण विचलन. दीड महिना झाला, उणेच येतं. दादाला म्हटलं, मला नाही जमत. तो म्हणाला, मग बस कांड्या भरायला." तिनं तुटलेला धागा जोडला. "बरंच झालं. पोरींना नसतंच ते डोकं."

तिची वही कोनाड्यात होती. मी उघडली. पानामागून पान, उणे तेरा पॉइंट अठ्ठ्याऐंशी. माझीच वही असावी तशी. काही पानांवर पेन इतकं दाबलं होतं की कागद फाटला होता.

मला सरांना दिलेला शब्द आठवत होता. तो आठवत असतानाच मी बोलले. "तुझं डोकं बाद नाही. सूत्र चुकीचं आहे. सरांनाच येत नाही ते. त्यांनी स्वतः मला सांगितलंय."

चरखा थांबला. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी तिला मारलंच आहे. "तुला कधीपासून माहीत आहे?"

मी सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आणि तू रोज माझ्या शेजारी बसत होतीस."

तिसऱ्या दिवशी ती कॉलेजात आली आणि तिनं सगळ्या वर्गाला सांगितलं. मी तिला दोष देत नाही. वर्गातल्या मुलांनी सरांविरुद्ध प्राचार्यांकडं अर्ज लिहिला. अकरापैकी दहा जणांनी सह्या केल्या. मी केली नाही, आणि त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता.

प्राचार्यांनी मला बोलावलं. आत गेले तर सर तिथं होते. खुर्ची रिकामी असून उभे होते. शर्टाचं वरचं बटण लावलेलं. प्राचार्य माझ्याशी चांगलं बोलले, ते जास्त वाईट होतं.

"तुम्ही रविवारी सरांच्या घरी जात होता?"

"हो सर."

"सर तुम्हाला शिकवत होते, की तुम्ही दोघं मिळून शिकत होता?"

मला सुचलं असतं तर मी म्हणाले असते, शिकवत होते. तेवढंच पुरे होतं. सरांनी माझ्याकडं पाहिलं नाही, खिडकीकडं पाहत होते. मला मैत्रिणीची फाटकी पानं दिसली, माझी शंभरपानी वही दिसली, आणि खोटं बोलायची भीती होतीच.

"मिळून," मी म्हणाले.

"बरं. जा तुम्ही."

मी जिन्याखाली जाऊन उभी राहिले. सर बाहेर आले, मला ओलांडून गेले. चार पावलांवर थांबले. "अभ्यास कसा चाललाय तुमचा?" त्यांनी विचारलं. "तुमचा" म्हणाले. मी काही बोलायच्या आत ते निघूनही गेले.

तो पेपर गणिताच्या एका सरांकडं दिला. त्यांना सगळं येत होतं आणि वेळ अजिबात नव्हता. महिनाभरात त्यांनी सगळा पोर्शन पळवला. ज्यांना शाळेचं गणित होतं ते धावले. माझी मैत्रीण धावली. तिला दहावी-अकरावीला बीजगणित होतं, नुसतं सूत्र बरोबर हवं होतं. मी मागंच राहिले. रविवारी दुपारी मी वही घेऊन बसायचे, आणि आता सर काय करत असतील याच्यापुढं माझं डोकं जायचं नाही. दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले.

एप्रिलच्या उन्हात परीक्षा झाली. हॉलमध्ये पंखा नव्हता, घाम उत्तरपत्रिकेवर पडून शाई पसरत होती. प्रसामान्य वक्राला वीस मार्क होते. शेजारी कोष्टक छापलेलं होतं. मी त्याच्याकडं बघत बसले. घंटेच्या आकाराचा वक्र तेवढा काढला, सुबक काढला, आणि त्याखाली लिहायला माझ्याजवळ काही नव्हतं.

मला एकतीस मिळाले. पास व्हायला पस्तीस लागत. मैत्रिणीला बावन्न. बाकी पाची पेपरांत मी तिच्या पुढं होते, पण त्याला कोण विचारतो. ती पेढे घेऊन मामांकडं आली. मी पाठीमागच्या दारानं बाहेर गेले, आणि मामींनी तिला काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही.

वडील न्यायला आले. एस.टी. अर्ध्या रस्त्यात पोचली. मग म्हणाले, "एकाच विषयात ना? ऑक्टोबरला बस परत. मी दुकानात कोष्टकं करतो की रोज, तुला बसून दाखवीन." त्यांना कोष्टक म्हणजे पावकी-निमकीचं कोष्टक वाटत होतं. मी खिडकीकडं तोंड करून रडले. तो सगळा उन्हाळा आणि पावसाळा मी दुकानाच्या मागच्या खोलीत काढला, आठवीच्या बीजगणितापासून सुरुवात केली. गावातल्या हायस्कूलच्या एका मास्तरांनी पुस्तकं दिली. रोज वाटायचं, आज बंद करावं. जोंधळ्याच्या पोत्यांना टेकून बसायचे आणि एकेक उदाहरण तीन-तीनदा करायचे. उत्तर पुस्तकातल्याशी जुळलं तरी विश्वास बसायचा नाही. पुस्तकातलंच चुकीचं असेल तर, हा किडा डोक्यातून जातच नव्हता.

ऑक्टोबरला मला अडतीस मिळाले. मी बी.ए. झाले. आनंद असा झाला नाही. एखादा दात बरेच दिवस ठणकून अखेर पडावा, तसं वाटलं.

निकाल घ्यायला कॉलेजात गेले तेव्हा शिपायाकडून कळलं की सरांची बदली झाली. संस्थेचं दुसरं लहान कॉलेज मोहोळला होतं, तिकडं त्यांना पाठवलं होतं. पहिल्या वर्षाला तर्कशास्त्र शिकवायला. पत्नी सोलापुरातच होत्या, ते रोज एस.टी.नं जाऊन-येऊन करत.

मी त्याच आठवड्यात मोहोळला गेले. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. कॉलेज म्हणजे पत्र्याच्या चार खोल्या होत्या, स्टँडपासून जवळच. तिसऱ्या खोलीच्या खिडकीतून मला सरांचा आवाज ऐकू आला आणि मी तिथंच थांबले.

ते मुलांकडं तोंड करून उभे होते. हातात खडू नव्हता, वही नव्हती. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. एका पोराला त्यांनी उभं केलं होतं आणि विचारत होते, "सगळे कावळे काळे. हे काळं आहे. म्हणून हे कावळा आहे. काय चुकलं सांग." पोरगा म्हणाला, "सर, माझी म्हैस पण काळीच हाय की." सगळा वर्ग हसला, सरही हसले, टेबलावर हात आपटून म्हणाले, "शाब्बास! बस. तू ॲरिस्टॉटल आहेस." मग पुढं सांगायला लागले, एका दमात, न अडखळता, वाक्यामागून वाक्य. असं शिकवताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

शिपाई जवळ आला. "कुणाला भेटायचंय बाई?"

"कुणाला नाही," मी म्हणाले. तास संपायच्या आत मी फाटकाबाहेर पडले आणि स्टँडवर सोलापूरच्या गाडीची वाट पाहत उभी राहिले.